मल्जू काय म्हणाल्या

ऐन शनिवारी दुकान बंद ठेवायचं असं पूर्णमानने ठरवलं, तेव्हाच टोलातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, लोकांना कळलं की राजकर्णिकारांच्या घरात काहीतरी शिजतंय. आमच्याकडे शनिवार हा सुट्टीचा दिवस, म्हणजे मिठाईवाल्याच्या कमाईचा. सकाळी जेरी-स्वारी, म्हणजे जिलबी-पुरी, घ्यायला आलेली माणसं बंद फळ्या बघून परत गेली आणि जाताना एकदोघांनी वर खिडकीकडे बघून विचारलंच, की कुणाला काही झालं का.

कुणाला काही झालं नव्हतं. लुनिभा जपानला निघाली होती. म्हणजे निघायचं ठरत होतं. टोकियोच्या भाषाशाळेने तिला घेतलं होतं, तिकडच्या सरकारचा कागदही आला होता. राहिला होता पासपोर्टवरचा शिक्का आणि त्याहून अवघड, बापाचा होकार. पूर्णमान बोलतो कमी, पण बोलला की संपलं. त्याची एकच अट होती. पोरगी मामाच्या घरी राहणार असेल तरच जाईल. एवढ्या मोठ्या परक्या शहरात भाड्याच्या खोलीत कुठल्या कुठल्या मुलींबरोबर कोंबून राहायचं असेल, तर त्यापेक्षा इथेच बसून पेढे वळ.

त्यामुळे सगळा भार आला तेजमानवर. तेजमान हा लुनिभाच्या आईचा, चिनीशोभाचा, धाकटा भाऊ. आमच्याकडे मामाला पाजू म्हणतात, तो पाजू. टोकियोतल्या ओगिकुबोत त्याचं मोमो आणि डाळभाताचं लहानसं हॉटेल आहे, किमिए नावाची जपानी बायको आहे, आणि त्या दोघांच्या जिवावर चिनीशोभाने या घरात मान वर करून बरीच वर्षं काढली आहेत. 'माझ्या भावाचं टोकियोत घर आहे' हे वाक्य ती मिठासारखं वापरायची. कुठलीच गोष्ट तिने आळणी सोडली नाही.

आज तेच घर कामाला यायचं होतं. पाजू फोनवर, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगणार होता की पोरीला पाठवा, माझं दार उघडं आहे.

चिनीशोभा पहाटेपासून वर होती. स्वयंपाकघर आमच्याकडे घराच्या माथ्यावर, कौलांखाली असतं. परका माणूस तिथवर चढत नाही, म्हणून घरातली भांडणंही तिथेच होतात. तिने पोहे काढले, काळे सोयाबीन भाजले, म्हशीचं मांस मसाल्यात कालवलं, आल्याचे काप केले. नवरा खाली पाण्याच्या टाकीकडे गेला तेवढ्यात तिने अंडी उकडून तळली, सुके मासे परतले, ते पितळी ताटलीत मांडले आणि वर दुसरी ताटली उपडी घातली. शेजारी चोचीची झारी आणली, तीत घरची दारू भरली. लुनिभा पाट मांडायला आली आणि तिला ते दिसलं. ती म्हणाली, हे तर निघायच्या दिवशीचं, अजून शिक्का कुठे लागलाय.

"तू पाट मांड," आई म्हणाली. "माझं मला कळतं."

तिला कळत होतं ते असं. अंडं, मासा आणि दारू हे आमचं सगुन. लांबच्या वाटेला निघालेल्याच्या हातात ते पडलं की वाट सुरू झाली. मग त्या जाण्याविरुद्ध कुणी ब्र काढायचा नाही. काढला आणि पुढे वाटेत काही कमी-जास्त झालं, तर ते बोलणाऱ्याच्या माथी. शिक्क्याआधी सगुन म्हणजे बाजारात तुरी, हे चिनीशोभाला काय कळत नव्हतं? पण भावाचा होकार कानावर पडला रे पडला, की पोरीच्या हातात अंडं ठेवून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असं तिने ठरवलं होतं. सगळ्यांची म्हणजे एकीची.

आणि घाई करायला कारणही तसंच होतं. भावाकडे जागा नव्हती. त्याने तिला फोन करून सरळ सांगितलं होतं, की दीदी, किमिएच्या वडिलांचं अंग लुळं पडलंय, त्यांना घरी आणलंय, आतली खोली त्यांना दिली, आता पोरीला ठेवू कुठे. चिनीशोभाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, नसू दे जागा. तू फक्त सगळ्यांसमोर हो म्हण. एकदा ती तिकडे पोचली की शाळेच्या वसतिगृहात राहील, शाळेचाच तसा नियम निघाला म्हणून मी इथे सांगेन. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेजमान तिला नाही म्हणू शकला नाही. आई गेल्यावर तिनेच त्याला घास भरवले होते आणि ते ती त्याला विसरू देत नसे.

*

जिचं तोंड बंद करायचं होतं ती हीराकेशरी, पूर्णमानची थोरली बहीण, लुनिभाची आत्या. आमच्या भाषेत निनी. असन नावाच्या पेठेत दिलेली. सासू गेल्यापासून या घरातलं सगुन निनीच्याच हातून दिलं जातं. खरं तर लग्न होऊन गेलेल्या मुलीचं ते काम नव्हे, घरच्या सुनेचं. पण पूर्णमानला बहिणीचा हात लागतो, आणि चिनीशोभाच्या मनात सलणाऱ्या गोष्टींतली ती एक.

निनी आली ती जिने चढून दमलेली होती. वर येऊन पाटावर बसली, पाणी प्यायली, आणि आधी दुकान का बंद ठेवलं म्हणून भावाला झापलं. मग लुनिभाला जवळ बोलावून तिच्या केसांवरून हात फिरवला. पोरीवर तिचा राग नव्हता, कधीच नव्हता. पण ती आज गप्प बसणार नव्हती.

कारण रुबिन. निनीचा एकुलता मुलगा. लुनिभा शाळेत होती तेव्हा त्यालाही असंच टोकियोला भाषा शिकायला जायचं होतं. त्यालाही शाळेने घेतलं होतं. तेव्हाही पाजूकडे राहायचं ठरलं होतं, निनीने घरोघरी सांगूनही टाकलं होतं. आणि ऐन वेळी तेजमानचा निरोप आला, की जमणार नाही, जागा नाही. दुसरी सोय बघेपर्यंत शाळेची वेळ टळली. रुबिन चिडला, कुणाचं ऐकेना, एका दलालाला गाठून दोहाला गेला. अजून तिथेच आहे, उन्हात लोखंड बांधतो. बायको इथे, मुलगी इथे. मुलगी बापाला फोनमधला माणूस समजते.

निनीने या गोष्टीवरून घरात एकदाही भांडण काढलं नाही. फक्त तेव्हापासून ती चिनीशोभाच्या हातचा चहा घेताना आधी पेल्यात बघते. हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे आणि कुणी बोलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

खाणं वाढलं गेलं. निनीने पोह्यांत हात घालायच्या आधी भावाला एवढंच विचारलं, की तेव्हा नव्हती ती जागा आता कुठून आली. पूर्णमान म्हणाला, इतकी वर्षं झाली, माणसाची परिस्थिती बदलते. चिनीशोभा घाईघाईने म्हणाली की तेजूने मोठं घर घेतलंय. हे ती कशी बोलून गेली तिचं तिलाच कळलं नाही. भाऊ ठरवलेलं खोटं बोलणार होता, त्यावर हिने पदरचं आणखी एक चढवलं.

"बरं झालं," निनी म्हणाली आणि जेवू लागली.

*

फोन पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला होता. तेजमान दिसला तो इस्त्रीच्या शर्टात, भिंतीला अगदी खेटून. त्याने ती भिंत शोधूनच काढली होती. घरात कॅमेऱ्यापुढे धरावी अशी तेवढी एकच जागा उरली होती. उजवीकडे सरकलं असतं तर सासऱ्यांचा पलंग दिसला असता, डावीकडे वाळत घातलेल्या चादरी. त्याने सकाळपासून मनात घोकलं होतं. नमस्कार, तब्येत, हवा, मग 'पाठवा पोरीला', मग हॉटेल उघडायचंय म्हणून फोन बंद. थोडक्यात आटपायचं. त्याला खोटं बोलता येत नाही असं नव्हे, हॉटेलवाल्याला येतंच. बहिणीच्या सासरच्यांसमोर तिच्यासाठी बोलायचं होतं, आणि पलीकडे पाटावर हीराकेशरी बसलेली होती. तिच्याकडे बघायची त्याला इतकी वर्षं हिंमत झालेली नव्हती.

त्याने नमस्कार केला, तब्येत विचारली, तिकडे अजून थंडी आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "दाजी, पोरीला निर्धास्त पाठवा. माझं घर ते तिचं घर."

पूर्णमानचा चेहरा सैल झाला. चिनीशोभाचा हात उपड्या ताटलीकडे गेला.

"थांब," निनी म्हणाली. तिने फोनकडे तोंड केलं. "तेजमान, तू दिवसभर हॉटेलात असतोस. पोर राहणार तुझ्या बायकोपाशी. घर बाईचं असतं. तिला बोलव, तिच्या तोंडून ऐकू दे."

तेजमान हसला. म्हणाला, तिला आपली भाषा येत नाही. निनी म्हणाली, मग तिच्या भाषेत बोलू दे, तू आम्हाला सांग. पूर्णमानलाही ते रास्त वाटलं. लग्न झाल्यापासून सगळ्यांनी त्या बाईला एकदाच पाहिलं होतं, तेही तेजमानच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला, डोक्यावरून पांढरा पदर घेतलेली. त्याने मान डोलवली.

किमिए आली ती हात पुसत. ती म्हाताऱ्यांच्या निवासात काम करते. दिवसभर ऐकू कमी येणाऱ्यांशी बोलून तिला सवय लागली आहे, प्रत्येक शब्द सुटा, सावकाश, ठसठशीत बोलायची. फोनमध्ये एवढी माणसं बघून ती हसली आणि वाकली. सगळे इकडून हसले आणि वाकले. मग तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती नवऱ्याला म्हणाली,

"सगळे किती खुशीत दिसतात. म्हणजे तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

"नंतर सांगतो," तो जपानीत म्हणाला. "आत्ता फक्त हस आणि काहीतरी बोल."

"हसतेच आहे. पण त्या मुलीला फसवू नका. ती बॅगा घेऊन दारात उभी राहिली तर झोपवू कुठे? बाबांच्या पायथ्याशी? मागे तो मुलगा यायचा होता, तेव्हा खोली रिकामी होती. मी त्याच्यासाठी गादीसुद्धा आणली होती. तेव्हा तुमच्या बहिणीनेच सांगितलं, माझ्या नणंदेचा मुलगा नको, पुढे आपलं कुणी येईल तेव्हा जागा लागेल. आणि आता जागा नाही, तर ये म्हणतात. मला त्यांचं काही समजत नाही."

आणि ती पुन्हा वाकली, हसत.

"ती म्हणतेय," तेजमान आपल्या भाषेत म्हणाला, "घर तुमचंच आहे. पोरीने काही काळजी करू नये. तिच्यासाठी गादीसुद्धा आणून ठेवलीय म्हणते."

*

आता लुनिभाचं ऐका.

घरात सगळ्यांची समजूत होती की तिला जपानी म्हणजे नमस्कार, आभार आणि आकडे येतात. पाजूचीही तीच. क्लासला जाणाऱ्या पोरी तेवढंच शिकून येतात आणि तिकडे जाऊन रडतात, हे त्याने हॉटेलात रोज पाहिलेलं. पण लुनिभा गोदामात साखरेची पोती मोजताना, कढईपाशी बसून जेरी सोडताना, कानात इअरफोनची बोंडं घालून तासन्‌तास तिकडच्या लोकांचं बोलणं ऐकायची. घरचे म्हणायचे, गाणी ऐकते. तिला बोलता फार येत नव्हतं. ऐकून कळत होतं. आणि किमिएसारखं सावकाश बोलणारं माणूस तर तिला आजवर भेटलंच नव्हतं. सगळं कळलं. एकही शब्द अडला नाही.

ते कळत असताना आधी तिला, वेडीला, आनंद झाला. मला येतं, असं वाटलं. 'त्या मुलासाठी गादी' इथवर तो आनंद टिकला. 'तुमच्या बहिणीनेच सांगितलं' हे आलं आणि तिच्या कानशिलात जाळ झाला. निनी तिला खेटूनच बसली होती. निनीचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता, तो तिने हळूच बाजूला घेतला. आई, तिने मनात म्हटलं. आई, तू?

"एवढं लांबलचक बोलली आणि एवढंच?" निनी म्हणाली. तेजमान काही म्हणायच्या आत ती लुनिभाकडे वळली. "तू सांग गं. इतके महिने क्लासला जातेस. मल्जू काय म्हणाल्या?"

मल्जू म्हणजे पाजूची बायको, मामी.

सगळे तिच्याकडे बघू लागले. पूर्णमान कौतुकाने बघत होता, पोरीची परीक्षा म्हणून. चिनीशोभा निवांत होती. पोरीला कळलं नसणार याची तिला खात्री होती. लुनिभाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या निवांतपणाची तिला इतकी लाज वाटली की तिने नजर फोनकडे वळवली.

पलीकडे किमिए तिचाच चेहरा निरखत होती. माणसाला ऐकू आलं की नाही हे चेहऱ्यावरून ओळखणं हे तिचं रोजचं काम. तिचं हसू हळूहळू गेलं.

"तुला कळलं का?" तिने विचारलं.

"कळलं," लुनिभा जपानीत म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "मी येणार नाही. तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

किमिएने तोंडावर हात ठेवला. मग ती वाकली. मघाशी वाकली होती ते पाहुण्यांसाठी. आत्ता वाकली ती उठेचना. तिच्या मागे तेजमान भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या इस्त्रीच्या शर्टासकट तो माणूस जागच्या जागी चुरगळला. मान जी खाली गेली ती गेली.

इकडे कुणाला काही उमजेना. पूर्णमानने विचारलं, काय झालं, काय म्हणतात त्या.

"पाजू म्हणाले तेच," लुनिभा म्हणाली. "या म्हणाल्या. पण मीच नको म्हटलं."

*

मग जे व्हायचं ते झालं. पूर्णमान आवाज चढवत नाही, पण त्याचा आवाज आणखी खाली जातो, आणि ते जास्त वाईट. मामाने घर दिलं, मामी गादी घालून बसली, आणि तू सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर नको म्हणतेस? हेच शिकवतात का क्लासमध्ये? लुनिभा पाटाकडे बघत म्हणाली की तिथे घरात पाजू आपलीच भाषा बोलणार, हॉटेलात सगळी आपलीच माणसं, मग जपानी शिकणार कधी. शाळेचं वसतिगृह आहे, तिला तिथे राहायचंय. हे तिने तिथल्या तिथे रचलं होतं आणि ते इतकं पटण्यासारखं निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग जायचंच नाही," पूर्णमान म्हणाला. "मी काय सांगितलं होतं?"

लुनिभाने आईकडे पाहिलं. आता खरं तर आईने बोलायचं होतं. वसतिगृह हा आईचाच बेत, तिची जीभ अशा वेळी कधी अडली नव्हती. पण चिनीशोभाने लेकीचे डोळे पाहिले होते. फोनमधला भावाचा वाकलेला माथा पाहिला होता. तिला कळलं. एकेक करून सगळं कळलं, गादी, तो मुलगा, आणि आपण तेव्हा फोनवर काय बोललो होतो ते शब्द. रुबिन हुशार होता. तो गेला असता, मोठा झाला असता, आणि जन्मभर नणंदेच्या घराचा तोरा सहन करावा लागला असता. एवढ्याचसाठी. आज ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगली असती तर ती खुशाल आत गेली असती, पण चौथ्या माळ्यावर जमीनही नव्हती. ती ताटल्यांकडे बघत राहिली.

निनी मात्र सगळ्यांकडे बघत होती. फोनकडे. भावजयीकडे. मग बराच वेळ लुनिभाकडे. पोरीचा तळहात तिने आपल्या हातात घेतला, तो ओलागार होता.

"जाऊ दे तिला, पूर्ण," ती म्हणाली.

"दीदी, तूच तर म्हणत होतीस—"

"म्हणत होते. आता हे म्हणते. वसतिगृहात शेकडो पोरी राहतात, सगळ्या काय वाया जातात? परक्याच्या दारात वाकून राहण्यापेक्षा ते बरं." तिने परक्याच्या म्हटलं, आणि ते फोनमधल्या तेजमानने ऐकलं. "भाषा शिकायला चालली आहे ना? मग शिकू दे. आपल्या घरात एकाला तरी तिकडचं बोलणं कळायला हवं. तेव्हा कुणाला कळत असतं तर मी त्या बाईशी स्वतः बोलले असते."

पूर्णमान बहिणीपुढे कधी दुसऱ्यांदा बोलत नाही. तो उठून खिडकीपाशी गेला आणि तिथूनच म्हणाला, तुम्हा बायकांना कळतं तसं करा. आमच्याकडे यालाच होकार म्हणतात.

तेजमान खालच्या आवाजात म्हणाला की हॉटेल उघडायची वेळ झाली. कुणी त्याला थांबवलं नाही. फोन काळा झाला.

"आणि ते झाकून काय ठेवलंयस?" निनीने चिनीशोभाला विचारलं. "कधीचा वास येतोय. काढ. निघायच्या दिवशी माझे गुडघे असतील नसतील. आजच देते."

चिनीशोभाने ताटली उघडली. ज्या तोंडाला बंद करायला ती पहाटे उठली होती, त्याच तोंडाने तिला सगुन मागितलं. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं. निनीने लुनिभाच्या कपाळाला टिळा लावला, एका हातात अंडं दिलं, दुसऱ्या हातात मासा. म्हणाली, सुखरूप जा, सुखरूप ये, वाटेत चांगली माणसं भेटू देत. मग पेला धरला आणि दारू ओतायला झारी चिनीशोभाकडे दिली. पेला भरला, वाहिला, निनीच्या बांगड्यांवरून ओघळ आला तरी ती ओततच होती.

"पुरे, चिनीशोभा," निनी म्हणाली. इतकी वर्षं ती तिला नुसतं 'अगं' म्हणायची. "पुरे आता."

*

निनीला खालपर्यंत सोडायला लुनिभा गेली. आमचे जिने उभे आणि अंधारे, म्हातारं माणूस उतरताना कुणी तरी पुढे लागतं. लुनिभा पुढे उतरत होती. अंडं अजून तिच्या हातात होतं. एकच घास खाल्ला होता.

दाराशी आल्यावर निनी उंबऱ्यावर बसली आणि चपला चाचपू लागली. लुनिभाने त्या पायाशी सरकवल्या. वाकल्यावाकल्या तिला वाटलं, आत्ता सांगावं. सांगून मोकळं व्हावं. तिने तोंड उघडलं.

"नको," निनी म्हणाली. "मी विचारत नाहीये."

ती चपलेचा पट्टा नीट करत राहिली.

"मला जपानी येत नाही, पण तुझा चेहरा मी तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बघते. रुबिनला नको कुणी म्हटलं, ते मला तेव्हाच कळलं होतं गं. तेजमान गरीब गाय आहे, त्याची ती हिंमत नव्हे. मी इतकी वर्षं वाट बघितली, तुझी आई आज बोलेल, उद्या बोलेल. एकदा म्हणाली असती, दीदी, चुकलं, तर संपलं होतं. म्हणालीच नाही. म्हणून आज म्हटलं, त्या परक्या बाईला बोलवा. तिला काय पडलंय आपल्या घराचं, तिच्या तोंडून निघेल. आणि निघालंही असेल." तिने वर पाहिलं. "मध्ये तू बसलीस."

"निनी, मी—"

"आईला झाकलंस. लेकीने झाकावं, मी रागावलेली नाही. जा म्हटलं ते मनापासून म्हटलं." ती दाराच्या चौकटीला धरून उठली. "मला फक्त वाटलं होतं, पोरगी शिकतेय, वेगळी निघेल. तू तर तिचीच निघालीस."

ती गल्लीत उतरली. बंद दुकानाच्या फळ्यांवरून हात फिरवत, आधार घेत, कोपऱ्यापर्यंत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. लुनिभा उंबऱ्यात उभी राहिली. सगुन टाकायचं नसतं, म्हणून तिने ते अंडं तिथेच उभ्या उभ्या संपवलं.

ती वर चढू लागली. वरच्या जिन्याच्या तोंडाशी चिनीशोभा उभी होती, हातात रिकामी झारी. ती किती वेळ तिथे होती आणि तिला खालचं काय ऐकू आलं होतं, कोण जाणे. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

"गेल्या का?" तिने विचारलं. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "काय म्हणाल्या गं निनी?"

"काही नाही," लुनिभा म्हणाली. "जपून जा म्हणाल्या."